काळ्या जिभेचं अर्धं पान

ती. दादा,

धाकटीचा वाकून नमस्कार. (कंबर धरलीय, तेव्हा अर्धीच वाकले असं समज.) तुझी आणि वहिनींची तब्येत कशी आहे हे रीतीप्रमाणे विचारते. खरं तर तुझी कशी आहे ते तुझ्याआधी मला कळलं होतं, आणि तेच सांगायला बसलेय. दोन वर्षांत एक ओळ नाही आणि आज पत्र कसं, असं म्हणू नकोस. भरल्या घरात, पाहुण्यांसमोर, माझ्या हातातली लग्नपत्रिका काढून घेत तू म्हणालास, "तिला कशाला देता, तिला वाचता कुठं येतं!" ते मी विसरलेली नाही. पण आजचं पत्र त्याचं नाही. (त्याचं वेगळं लिहीन. ते लांबलचक असेल.)

मी ज्या दवाखान्यात झाडलोट करते तिथं नवरा दातांचा डॉक्टर आणि बायको कातडीची. दोघांच्या खोल्यांच्या मधे बोळ, बोळात बाकडं, बाकड्यावर एक जाडजूड फाईल. बसल्याबसल्या लोकांनी वाचावं म्हणून डॉक्टरीणबाईंनी एकेका पानावर एकेका आजाराची व्याख्या सोप्या भाषेत छापून ठेवलीय. आजार कशाला म्हणतात, दिसतो कसा, आणि शेवटच्या ओळीत, जातो की राहतो. पानांना प्लास्टिकची पिशवी, वरून उघडी. येणारा प्रत्येक जण आधी खाजवतो आणि मग त्याच हातानं पान उलटतो, म्हणून दर शनिवारी दुपारी दवाखाना बंद झाला की पानन् पान स्पिरिटच्या कापसानं पुसायचं काम माझ्याकडे. पुसता पुसता मी वाचते. तू शिकवलंस तसंच, अक्षराखाली बोट ठेवून, ओठ हलवत. मला तिसरीतून काढलं तेव्हा चूल सारवायचं शिकवायला सगळे आले, वाचायचं शिकवायला तूच बसलास, हे मी नाकारत नाही.

पहिल्यांदा वाचलं ते अक्कलदाढेचं पान. त्या दिवशी ह्यांनी ओला टॉवेल गादीवर टाकला होता, त्यामुळं वाचताना मनात हेच. संध्याकाळी हे जेवायला बसले तर ह्यांचा गाल भोपळ्याएवढा! बावन्न वर्षांत जिचा पत्ता नव्हता ती दाढ नेमकी त्या दिवशी निघाली. शेवटच्या ओळीत "काढल्याशिवाय सुटका नाही" असं होतं, तशी काढावीच लागली. पुढच्या शनिवारी चाईचं पान. डोक्यावर एकाच जागी केस जाऊन गुळगुळीत गोल चकती पडते, असं वाचलं, आणि मनात सासूबाई. (का, ते तुला सांगायला नको. तू त्यांना एकदाच भेटलायस, तेवढं पुरे.) सोमवारी त्यांची वेणी घालायला बसले तर डोक्याच्या मधोमध बाटलीच्या झाकणाएवढं चकचकीत वर्तुळ, कुणीतरी आखल्यासारखं. पानावर शेवटी होतं, "केस बहुधा परत येतात." त्या बहुधापायी अर्धेच आलेत.

मला संशय आला, आणि संशय आला की मी गप्प बसत नाही, हे आपल्या घराण्यातच आहे. आमच्या काउंटरवर एक चष्मेवाली बसते. "मावशी, तुम्ही आपली चित्रं बघा," असं मला म्हणाली होती. एका सकाळी तिच्याकडं बघत बघत पित्ताचं पान काढलं. "अंगावर लालसर गांधी उठतात" म्हणेपर्यंत ती मान खाजवायला लागली. एक शब्द वाचला की एक गांध. "ओठ" म्हटलं, ओठ सुजला. मी थांबले तर गांधीही थांबल्या, पण मावळेनात. घाईघाईनं शेवटची ओळ वाचली, "काही तासांत आपोआप मावळतात", आणि दुपारच्या चहाला ती पूर्वीसारखी चष्म्यावरून बघत होती. तेव्हा कळलं. ज्याला मनात धरून वाचावं त्याला होतं, आणि शेवटची ओळ वाचली तरच पुढचं ठरतं.

मग डोळे मिटून पुसायला लागले. तीन शनिवार निभावले. पण गेल्या शनिवारी त्या पत्रिकेला बरोब्बर दोन वर्षं झाली. सकाळपासून तू डोक्यात, आणि तुझ्यापेक्षा तुझी जीभ. हातात आलं ते पान मी आधी कधी बघितलेलं नव्हतं. वर लिहिलेलं, "काळी केसाळ जीभ". डोळे उघडले गेले ते मिटेचनात. "जिभेच्या पाठीवरचे बारीक कण न झडता वाढत जातात, त्यांवर काळसर रंग चढतो, जीभ लव आल्यासारखी दिसते आणि", एवढं वाचून झालं आणि लक्षात आलं, मी कुणाला धरून वाचतेय! पानावर तळहात आपटला. दवाखाना रिकामा, दातांच्या खुर्चीजवळचा नळ ठिबकतोय, आणि दादा, हाताखाली ते पान मऊ लागलं. झोपलेल्या मांजराची पाठ लागावी तसं. आणि श्वासाबरोबर पाठ हलावी तसंच ते हळूहळू वर आलं, खाली गेलं.

हात काढला तेव्हा समजलं की हातात स्पिरिटचा कापूस होता. पिशवीत ओघळून शाई धुवून गेली. "आणि"च्या पुढं सगळं निळं पाणी. सोमवारी डॉक्टरीणबाईंना पान दाखवायला नेलं. त्यांनी उलटसुलट बघितलं आणि म्हणाल्या, "मावशी, हे पान मी लावलेलंच नाही."

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारीच, वहिनींचा फोन आला होता. शनिवार दुपारपासून तू बोलत नाहीस. तोंडावर हात धरून बसतोस, भिंतीकडं तोंड करून जेवतोस. तू! जो माणूस वाद घालायला कुणी नसलं तर रेडिओशी घालतो, तो! वहिनी रडत होत्या. मी फोनवर "बघू" म्हटलं आणि ठेवला.

वहिनींना काही सांगू नकोस. मोठ्यांना नमस्कार, लहानांचे गालगुच्चे, आणि तुला काय द्यायचं ते तू बरा झाल्यावर ठरवते.

तुझी,
वाचता न येणारी
धाकटी

ता. क. पत्रिकेचा राग अजून आहे. पण राग होता म्हणून एवढं व्हावं, असं मला वाटलं नव्हतं. खरंच नव्हतं.

ता. क. दुसरा. काम असं आहे. तुझ्या ओळखीत शिकलेली माणसं आहेत, डॉक्टरकीचं जाड पुस्तक मिळव. "आणि"च्या पुढची ओळ शोध आणि मला लिहून पाठव. तू वाचून उपयोग नाही, सुरुवात मी केलीय. मी वाचेन, बोट ठेवून, तुला मनात धरून. या वेळी नीट धरेन. ओळ वाईट असली तर पाठवू नकोस, दुसऱ्या पुस्तकात बघ.

(हे पाकिटाच्या मागे लिहितेय, आत जागा उरली नाही.) वहिनींचा आत्ता फोन आला. तू पुस्तक आधीच आणलंयस म्हणे. आज सकाळी साडेदहाला बोट ठेवून वाचत होतास आणि चार दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलंस ते माझं नाव घ्यायला. दादा, साडेदहापासून माझ्या जिभेला काहीतरी मऊ लागतंय. कुठल्या ओळीवर थांबलायस? तिथंच थांबू नकोस, पुढं वाच. आठवण काढलीस, बरं वाटलं. पाकीट जिभेनं चिकटवलेलं नाही, पाण्याचं बोट लावलंय, तेव्हा बिनधास्त उघड.