निबंधात न आलेले नाव

मी, कुंडलिक देवराम धानके, वय ६४, भात संशोधन केंद्रातील निवृत्त सहायक, राहणार डोळखांब, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. दम्याने छाती भरते, डोके साफ आहे. मला कोणी धमकावले नाही की गोड बोलून लिहून घेतले नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर व विहिरीजवळचे शेत पत्नी सकुबाई हिचे, तिच्यामागे मुलगा देवजी याचे. आईला विचारल्याशिवाय त्याने आंब्याला कुऱ्हाड लावू नये.

२. पितळी भिंग व नोंदवह्या तालुक्याच्या शाळेला. भिंग कपाटात कुलपात ठेवणार असतील तर देऊ नये.

३. करपा रोगावरचा १९५४ चा इंग्रजी शोधनिबंध, सात छापील प्रती, देवजीला. करप्याने शिवारे जळाली तेव्हा एकच वाण हिरवे राहिले. चार हंगाम चिखलात उभे राहून मोजणी मी केली, निबंध मी लिहिला. छापून आला तेव्हा पहिले नाव केंद्राच्या मोठ्या साहेबांचे, दुसरे त्यांच्या जावयाचे, तिसरे माझे. साहेबांचे नाव येथे लिहीत नाही, ते पुष्कळ छापून झाले. पुढे एकोणीस निबंधांनी आमचा दाखला दिला. सगळीकडे ‘साहेब आणि इतर’. साहेबांना पदक आणि दिल्लीची नेमणूक, जावयाला परदेश, मला एक बढती. त्या ‘इतर’वर मी बारा वर्षे जळतो आहे.

४. आता खरे लिहितो. ते वाण माझे नव्हतेच. पाड्यावरच्या ठकू सावळ्या उघडे हिचे. कापणीआधी करपलेल्या शेतात शिरून ती तगलेली एकेक लोंबी निवडी आणि चुलीवर धुरात टांगून ठेवी, वर्षानुवर्षे. त्यातले ओंजळभर बी तिने मला दिले. निबंधात मी लिहिले, ‘स्थानिक बी’. साहेबांनी माझे नाव मागे ढकलले. तिचे मी लिहिलेच नाही. ती ‘इतर’मध्येही नाही. मला याची लाज वाटते.

म्हणून ओढ्याकाठचे चार गुंठे तिला देणार होतो. परवा बोलावून निबंध दाखवला. “यात मी कुठं हाय?” तिने विचारले. मी त्या दोन शब्दांवर बोट ठेवले. ती म्हणाली, “जमीन नको रे भाऊ. कागदावर नाव घाल माझं. पयलं.”

या कागदावर तिला पहिली साक्षीदार करून जमीनही द्यावी असे मी ठरवले. पण शहापूरचे वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. मी तिला तसे सांगितले. “मंग पोरीला दे. मी साक्षीला हाय.” सबब ते चार गुंठे तिची मुलगी येसू हिला.

५. सातही प्रतींवर देवजीने सर्वांत वर ठकूचे नाव शाईने लिहावे. माझे तिसऱ्यावरून चौथे होईल. होऊ दे.

वरील मजकूर ठकूला व पोस्टमन नामदेवला वाचून दाखवला आणि दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली.

कुंडलिक देवराम धानके
डोळखांब, ता. शहापूर, जि. ठाणे
१२ नोव्हेंबर १९६६

साक्षीदार :
१. ठकू सावळ्या उघडे, हिने करप्याला न बधणारे भात शोधले. डाव्या अंगठ्याची निशाणी.
२. नामदेव धाऊ भेरे, पोस्टमन. सही.