शमिकाच्या माशा

मिरजोळे, रत्नागिरी
मे महिन्याची अखेर

प्रिय सुरय्या,

तुला नमस्कार, तुझ्या घरच्या वडीलधाऱ्यांना सलाम, लहानांना पापे, आणि तुझ्या डाव्या गुडघ्याची वेगळी चौकशी. अजून जिना उतरताना कुरकुरतो का? इकडे मी ठीक आहे. साखर वाढलेली नाही, रक्तदाब वाढलेला नाही. वजन वाढलंय, पण त्यावर डॉक्टर काही बोलले नाहीत, म्हणून मीही विषय काढला नाही.

घरात फोन असताना ही बाई पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. तुझा कमाल (गुणी मुलगा, तक्रार नाही) माझा फोन आला की तो स्पीकरवर टाकून तुझ्यासमोर धरतो, आणि मी बोलते ते अख्खं घर ऐकतं. मागच्या खेपेला मी माझ्या पोटाचं सांगत होते तर पलीकडून कुणा पाहुण्याने ओव्याचा काढा सुचवला. (घेतला. गुण आला. पण ते वेगळं.) जे सांगायचंय ते पाहुण्यांसमोर सांगण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र. पूर्णगडच्या शाळेत माझ्याच वहीत बघून तू शुद्धलेखन लिहायचीस, तेव्हा अक्षर ओळखशील.

तुला माहीतच आहे, हे गेल्यापासून घरात मी एकटी. मुलगा नितेश ठाण्याला. दर रविवारी फोन करतो, जेवलीस का विचारतो, मी जेवले म्हणते, मग तिकडे हवा कशी आहे ते मी विचारते, आणि मग आम्ही दोघं थोडा वेळ एकमेकांचा श्वास ऐकतो आणि फोन ठेवतो. तक्रार नाही. एकटेपणाची मला आता सवय झाली आहे. गेल्या पावसाळ्यात मागची खोली मी शमिका नावाच्या मुलीला राहायला दिली. संगमेश्वरच्या आतल्या अंगाच्या गावातली, वडील मुंबईला कंपनीत, आई गावी शेतीवर, ही इथे कॉलेजात शेवटच्या वर्षाला, विषय प्राणिशास्त्र. उंच, बारीक, आणि बोलणं इतकं कमी की पहिले दोन महिने मला वाटायचं आपण भाडेकरू म्हणून मांजर ठेवलंय.

तर मार्चमध्ये एका सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, माझ्या माशा घरी आणू का?" आपण दोघी समुद्राकाठच्या. माझ्या कानाला मासेच ऐकू आले. मी म्हटलं, आण की, विचारतेस काय, बांगडे आहेत का सौंदाळे? ती म्हणाली, "उडणाऱ्या, काकू." मी होकार देऊन बसले होते. संध्याकाळी ती रिक्षातून दोन खोके घेऊन आली. त्यात काचेच्या बाटल्या, बाटल्यांना कापसाचे बोळे, आणि आत चिलटं. सडक्या केळ्यावर घोंघावतात ना, तीच.

कॉलेजच्या प्रयोगशाळेचं छप्पर दुरुस्तीला काढलं होतं आणि त्यांच्या सरांनी मुलांना सांगितलं होतं की ज्याने त्याने आपापले किडे घरी सांभाळावेत. (वर्गातल्या एका मुलाने पिठातले किडे सांभाळायला घेतले होते. त्याच्या आईने दुसऱ्याच दिवशी ते पीठ चाळलं. त्याचं प्रोजेक्ट तिथेच संपलं.) शमिकाला पाहायचं होतं की कुठल्या खाण्यावर माशी जास्त जगते. काही बाटल्यांना भरपेट खाणं, काहींना त्याच खाण्यात यीस्ट जास्त, आणि काहींना तेच खाणं पाणी घालून पातळ केलेलं, म्हणजे अर्धपोटी. बाटल्या गारव्याला हव्या होत्या, आणि चिऱ्याच्या भिंतींमुळे घरात गार काय ते एक माझं माजघर. तेव्हा माजघरातलं फडताळ त्यांना गेलं आणि माझी लोणची स्वयंपाकघरात आली.

या माशांचे डोळे पांढरे असतात. प्रयोगशाळेत वाढवलेली तशी एक जात आहे म्हणे. आपल्या घरातल्या चिलटांचे डोळे लाल असतात, हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं. इतकी वर्षं मी त्यांना नुसती हाकलत आले, डोळ्यांत कधी बघितलं नाही.

आणि त्यांचं खाणं म्हणजे काय, तर रवा, गूळ, यीस्ट आणि चायना ग्रास. पहिल्या दिवशी ती ते माझ्या शेगडीवर ढवळत होती आणि रव्याच्या गुठळ्या होत होत्या. मला बघवेना. मी कालथा तिच्या हातातून घेतला आणि वेलची घालायची का विचारलं. तेव्हा ती पहिल्यांदा हसली. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी माशांचा शिरा मी करायचे आणि ती बाटल्या बदलायची. बाटलीवर बाटली उपडी धरून खालून हलकेच टिचकी मारायची, की माशा वरच्या बाटलीत. ते करताना ती बोलायची. गावच्या घराचं, आईच्या कंबरेचं, मुंबईला शिकायला जायचं की नाही त्याचं. सुरय्या, मला वाटतं हात कामात असले आणि समोरच्याचा चेहरा बघावा लागत नसला, की माणसं बोलतात. आमचे हे सुद्धा आयुष्यात जे काय बोलले ते वाल सोलताना.

आता भागोजीचं सांगते. आमच्या गडग्यापलीकडे त्याची हापूसची बाग, हे तुला ठाऊक आहे. त्याने फाटकाशी शमिकाला विचारलं, कसलं गो प्रोजेक्ट तुझं? या पोरीने पुस्तकातला शब्द सांगितला, फळमाशी. अगो, आंबेवाल्याला फळमाशी म्हणजे काय ते तुला सांगायला नको. फळ वरून सोन्यासारखं आणि आत अळ्या. बिचाऱ्याने झाडाझाडाला तिचे सापळे टांगलेले, आणि शेजारची वैनी तीच माशी घरात शिरा घालून वाढवतेय. तो तसाच, हातात एक सापळा घेऊन माझ्या ओट्यावर आला.

"वैनी, माझ्या बागेशी तुमचं काय वाकडं हाय?"

मी त्याला बसवलं, पाणी दिलं. शमिकाने समजावलं की ही माशी वेगळी, ही चांगल्या फळाला तोंड लावत नाही, नासलेलंच खाते. त्यावर तो म्हणाला की नासलेलं खाणाऱ्यावर त्याचा बिलकुल विश्वास नाही. शेवटी तिने बाटली त्याच्या हातात दिली. त्याने चष्मा कपाळावर चढवून पुष्कळ वेळ आत पाहिलं आणि विचारलं, "ही एवढीशी?" दुसऱ्या दिवशी खात्री करायला परत आला. तिसऱ्या दिवशी, त्या अर्धपोटींचं काय झालं ते विचारायला आला. मग रोजच येऊ लागला. चार वाजले की ओट्यावर बसायचा, चहा घ्यायचा आणि आजारी माणसाची चौकशी करावी तसं माजघराकडे बघून विचारायचा, आज कोण गेलं?

एप्रिलमध्ये एका अर्धपोटी बाटलीतल्या माशा अचानक गुटगुटीत दिसायला लागल्या आणि तळाशी अंडीबिंडी. शमिका चक्रावली. बाटली उघडून वास घेतला तर आंब्याचा. भागोजी शांतपणे म्हणाला की हो, त्याने दिला, देठाजवळचा रस, काडीने, रोज थोडा. "वैनी, शेजारची पोटभर जेवतायत आणि ही पाणी पितायत, हे मला बघवला नाय." शमिका पायरीवर जाऊन बसली. मला भीती वाटली की आता रडणार. पण ती थोड्या वेळाने उठली, त्या बाटलीवर निराळी चिठ्ठी चिकटवली, 'बाहेरून मिळालेला हापूस', आणि म्हणाली की झालंय तसं लिहायचं, लपवायचं नाही, सर असंच सांगतात.

आणि निकाल काय लागला असेल? भरपेट होत्या त्या लवकर गेल्या. यीस्टवाल्यांनी अंडी भरमसाट घातली आणि त्या सगळ्यांच्या आधी गेल्या. भागोजीच्या हापूसवाल्या मधेच कधीतरी. सगळ्यांत जास्त जगल्या त्या अर्धपोटी. शमिकाला आनंद झाला, जगभर असंच दिसून आलंय म्हणे. भागोजीला मात्र तो घराण्याचा अपमान वाटला. माझा हापूस दुबईला जातो, म्हणाला, तो खाऊन आजवर कोणी मेलेला नाही. दोन दिवस चहाला आला नाही. मलाही ते थोडं लागलं. नितेशला मी लहानपणी ताटावर बसवून किती भरवलं ते तू पाहिलंयस. जाऊ दे.

यापुढचं मी भागोजीलाही सांगितलेलं नाही.

शमिकाची परीक्षा एप्रिलच्या शेवटाला संपली. बरोबरच्या मुली आपापल्या गावी गेल्या. ही राहिली ती केवळ माशांसाठी, शेवटची माशी मरेपर्यंत नोंद ठेवायची असते. बाटल्या एकेक करत रिकाम्या झाल्या, मी त्या धुऊन उन्हात उपड्या घालत होते. शेवटी एक बाटली राहिली आणि तीत एक माशी. उडायची नाही, काचेवरून चालायची, मधेच घसरायची. शमिकाची पिशवी भरून तयार. आईचा फोन रोज येत होता की आंबे संपत आले, कधी येतेस.

एका सकाळी मी आधी उठले, फडताळ उघडलं, तर माशी शिऱ्यावर आडवी पडलेली. मी बाटली हलवली. टिचकी मारली. मग तिथेच उभी राहिले. मागच्या खोलीत शमिका झोपली होती, पंख्याचा आवाज येत होता. मला एवढंच दिसलं की ही आता उठेल, बघेल, आणि दुपारच्या एसटीने जाईल. स्वयंपाकघरात केळ्याच्या घडावर चिलटं होतीच. मी एक पेला उपडा घातला आणि त्यातलं एक पकडलं. (सोपं नाही. तीन निसटली.) मेलेली काढली, जिवंत आत सोडली, बोळा लावला, आणि चहा ठेवला.

शमिका उठली, बाटली बघितली, वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, "अजून आहे, काकू." मी म्हटलं, चिवट आहे हो. ती चार दिवस राहिली. त्या चार दिवसांत आम्ही एका चिलटासाठी ताजा शिरा केला, फणसाची भाजी केली, एकदा भाट्याच्या किनाऱ्यावर जाऊन आलो. तिने माझ्या फोनमधली अक्षरं मोठी करून दिली. रात्री जेवायला दोघींची ताटं. भागोजीही रुसवा सोडून येऊन गेला आणि बाटलीकडे बघून म्हणाला, ही म्हातारी दमाची हाय.

पाचव्या दिवशी सकाळी शमिका बाटली घेऊन मागच्या दारी गेली, बोळा काढला आणि माशी पपईच्या झाडाकडे सोडून दिली. मी विचारलं, अगो, नोंद?

"नोंद तेव्हाच केली, काकू. हिचे डोळे लाल आहेत."

मी विचारलं, कधी कळलं तुला? म्हणाली, पहिल्याच सकाळी. मग ती खाली वाकून माझ्या पाया पडली, आणि मी तिला डब्यात लाडू बांधून देते म्हटलं, कारण दुसरं काय म्हणणार. स्टँडवर मी गेले नाही. फाटकापर्यंत गेले. रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली तरी मी कडी लावली नव्हती.

आता फडताळात पुन्हा लोणची आहेत. घरात यीस्टचा वास होता तोही गेला. चार वाजता भागोजी येतो, सवयीने माजघराकडे बघतो, आणि मग आम्ही पावसाबद्दल बोलतो. शमिकाचा पोचल्याचा फोन आला होता. तिच्या सरांना काम आवडलं, मुंबईला पुढे शिकायला जाणार आहे. चांगलं झालं. मनापासून चांगलं झालं.

बाकी सर्व क्षेम. घरच्यांना विचारलंय म्हणून सांग, आणि एवढं लांब पत्र एका बैठकीत वाचू नकोस, डोळे दुखतील.

तुझी,
मैना

ता. क. तुझी नात मनाल बारावी झाली आणि तिचं नाव रत्नागिरीच्या कॉलेजात घालणार आहात, असं कळलं. होस्टेल बघू नका. माझी मागची खोली पुसून ठेवली आहे, नवा पडदा लावलाय, खिडकीतून वारा येतो. नमाजाला कोपरा स्वच्छ आहे. विषय तिने कुठलाही घ्यावा. किडे आणलेन तरी चालतील.

ता. क. दुसरा. एकटेपणाची सवय झाली असं वर कुठेतरी लिहून गेले आहे. शाईचं पेन असल्यामुळे खोडता आलं नाही. ती ओळ सोडून वाच.

ता. क. तिसरा. मनालवर जबरदस्ती करू नकोस. त्या वयात मैत्रिणींत राहावंसं वाटतं, आपल्यालाही वाटलं असतं. ती नाही म्हणाली, तर तू ये. राजापूरहून सकाळची एसटी बरी, गर्दी नसते. किती दिवस राहणार ते मात्र आधीपासून ठरवून येऊ नकोस.