पाठवणीचा धवला वगळून

मी, श्रीमती भामा काशिराम मढवी, वय वर्षे त्रेसष्ट, माजी अंगणवाडी सेविका, राहणार मौजे कोन, तालुका पनवेल, जिल्हा रायगड, आज रविवार दिनांक १८ नोव्हेंबर २०१८ रोजी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. सकाळचा चहा झाला आहे, गोळ्या घेतल्या आहेत आणि आजचा वार मला कोणी सांगावा लागलेला नाही. माझ्यावर कोणाचा दाब नाही.

‘माझे मन सुदृढ आहे’ असे या ठिकाणी लिहायची पद्धत आहे. ॲडव्होकेट निकेश गावंड यांनी तसे वाक्य आयते दिले होते. ते मी खोडले. नऊ वर्षे ज्या मनाने मला अंथरुणातून उठू दिले नाही, त्याला सुदृढ म्हणायला जीभ रेटत नाही. त्याऐवजी लिहिते की, मन आजारी असते, समज शाबूत आहे. वकील म्हणाले, “मावशी, एवढं खरं लिहायची गरज नसते.” पण अंगणवाडीच्या रजिस्टरात मी कधी पोराचे खोटे वजन लिहिले नाही, ते आता या वयात काय लिहू?

आणखी एक. मी मरायला निघाले आहे म्हणून हे लिहीत नाही. सध्या बरी आहे म्हणून लिहिते. बरी नसताना मला पेनाचे टोपणसुद्धा काढवत नाही.

कलम १. घर

कोन येथील राहते घर, पुढचा ओटा व मागचे शेवग्याचे झाड माझे यजमान कै. काशिराम यांनी माझ्या नावावर केलेले आहे. ते माझ्यामागे मुलगा कल्पेश व सून रिया या दोघांचे, सारखे. रियाचे नाव नुसत्या मायेपोटी घातलेले नाही. कल्पेश तळोज्याला कारखान्यात पाळीवर असतो. ती लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्यापुढे ताट ठेवायचे आणि तसेच्या तसे उचलायचे, हे काम तिने केले. एकदाही ताट आपटले नाही. मी तिच्या जागी असते तर आपटले असते.

कलम २. दागिना व लुगडे

पुतळ्यांची माळ रियाला. हिरवे नऊवारी लुगडे माझी भाची प्राची हिला. हे लुगडे नेसून मी चौतीस वर्षे लग्नांत धवले म्हटले. आमच्या आगरी लग्नात मांडव घातल्यापासून मुलगी सासरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचे गाणे असते, त्याला धवला म्हणतात, आणि तो म्हणणारी ती धवलारीण. धवल्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही. लुगड्याला हळदीचे डाग आहेत, ते धुऊ नयेत.

कलम ३. मीठ ओढायचे फावडे

सासऱ्यांच्या हातचे लाकडी फावडे माळ्यावर आहे. जासईकडचे मिठागर गेले, तिथे आता कंटेनर उभे असतात. फावडे कल्पेशने ठेवावे. जाळू नये.

मिठावरून आठवले ते इथेच लिहून टाकते, नाहीतर राहून जाईल. २००७ साली हा आजार लागला. का लागला, ते विचारू नका. यजमान त्याआधी चार वर्षे गेले होते, त्यांचे दुःख मी रडून संपवले होते. हे रडणे नव्हते. यात रडूही येत नाही. डॉ. अविनाश टिपणीस यांनी पहिली गोळी दिली, सहा आठवडे वाट पाहायला सांगितली. मग तिचा डोस वाढवला. मग दुसरी गोळी, मग तिसऱ्या जातीची, तीही पुरते दिवस. थायरॉइड तपासले, रक्त तपासले. शेवटी आणखी एक गोळी जोडीला दिली आणि म्हणाले, “हे एक प्रकारचं मीठच आहे, भामाताई.” आजार लागल्यापासून मला आलेले पहिले हसू ते. मिठागरवाल्यांच्या सुनेला औषध म्हणून मीठ! पण त्या मिठाने हात थरथरायला लागले, मूत्रपिंडाचा रिपोर्ट बिघडला, आणि तेही बंद करावे लागले. काही माणसांना गोळ्या लागू पडत नाहीत, त्यात त्या माणसांचा दोष नसतो, हे डॉक्टरांनी मला चार वेळा सांगितले. पाचव्या वेळी माझा विश्वास बसला.

कलम ४. रजिस्टर

अंगणवाडी सोडताना एक कोरे हजेरी रजिस्टर मी घरी आणले होते. ही चोरी आहे, कबूल. समुपदेशक बाईंनी रोजचे रोज मनाचे लिहायला सांगितले, तेव्हा मला दुसरे काही लिहिता येईना. म्हणून रोज हजेरीच मांडली. ‘भामा हजर’ किंवा ‘भामा गैरहजर’. पाने चाळली तर गैरहजेरीच जास्त दिसेल. हे रजिस्टर डॉ. टिपणीस यांना द्यावे. दुसऱ्या कोणा बाईला दाखवायला उपयोगी पडेल. बाईंकडे आठवड्याला जाऊन बोलण्यानेही थोडा आधार मिळाला, तो इथे नोंदवते. आजार त्याने गेला नाही, पण आजार म्हणजे मी नाही, हे तिथे कळले.

कलम ५. धाकटे दीर बुधाजी

यांना माझ्याकडून काही नाही. यांनी मला भगताकडे नेले, माझ्या कपाळाला राख फासली, ते मी विसरले असते. पण २०१७ च्या वैशाखात पुतण्या कुंदनचे लग्न याच ओट्याला लागून मांडवात झाले आणि बुधाजींनी धवलारीण बाहेरगावाहून आणली. माझ्या दाराशी उभे राहून म्हणाले, “वयनी, राग धरू नको. लोका बोलतान, शॉक दिलेली बाय मांडवान नको.” मी दार लावून घेतले. आतून सगळे ऐकू येत होते. ती बाई हळदीचा धवला मधूनच तोडत होती, दोन ओळी गाळल्या तिने. हा राग मी कोणाच्या नावावर करत नाही. माझ्याबरोबर जळू दे.

कलम ६. पुन्हा पडले तर

हे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे. हा आजार माझ्याकडे परत येणार. कधी ते माहीत नाही. तेव्हा काय करायचे ते मी आज, समजेत असताना, सांगून ठेवते.

२०१४ साली डॉक्टरांनी शॉकच्या उपचाराचे सुचवले. समजावून सांगितले की भूल देतात, माणूस झोपलेला असतो, सिनेमात दाखवतात तसे काही नसते. काही दिवसांचे विसरायला होते, क्वचित जुनेही एखादे जाते, हेही लपवले नाही. कल्पेश ताडकन उठला. म्हणाला, “माझे आयशीला करंट देनार नाय. ती काय विजेचा खांब हाय?” मला त्याचा राग आला नाही. हायसे वाटले. कारण माझे धवले कुठेच लिहिलेले नव्हते. माझी गुरू सखूबाई म्हणायची, “कागदावर ठेवलेला धवला कागदासंगती कुजतो गो.” म्हणून मी एकही ओळ लिहिली नव्हती. जे होते ते डोक्यात, आणि डॉक्टर नेमके डोक्यालाच हात घालणार होते. कल्पेशने मायेपोटी नाही म्हटले, मी लोभापोटी. पुढची दोन वर्षे आम्ही दोघांनी मिळून घालवली. आणि गंमत ही की ज्यांच्यासाठी थांबले ते धवले त्या दोन वर्षांत एकदाही ओठांवर आले नाहीत. पेटीला कुलूप घालून किल्ली विहिरीत टाकावी, तसे ते झाले होते.

२०१६ च्या जूनमध्ये मी पाणी गिळायचे सोडले. प्राची जासईच्या कंटेनर यार्डात कामाला आहे, ती रजा टाकून आली आणि मला रिक्षात घालून पनवेलला घेऊन गेली. तिथे मी मान हलवून हो म्हटले म्हणतात, मला आठवत नाही. कल्पेशने कागदावर सही केली. सही करताना दोनदा पेन खाली ठेवले, हे प्राचीने मला नंतर सांगितले.

आठ वेळा शॉक दिले. मला आठवते ते एवढेच की हाताला सुई, वर पंखा, आणि मग कोणीतरी चहा विचारत आहे. पाचव्या वेळेनंतर घरी रियाने ताट वाढले. मी घास घेतला आणि म्हणाले, “आमटीन मीठ कमी हाय गो.” रियाच्या हातातला डाव खाली पडला. ती तशीच मोरीत जाऊन रडली आणि कारखान्यात फोन लावून कल्पेशला म्हणाली, “आय बोलली मीठ कमी हाय!” कित्येक वर्षांत मी कशालाच चव आहे की नाही हे बोलले नव्हते. सासूने खोड काढली म्हणून आनंदाने रडणारी सून कोनमध्ये दुसरी नसेल.

तर कल्पेश, ऐक. मी पुन्हा पडले की सगळ्याला नको म्हणेन. जेवण नको, आंघोळ नको, उजेड नको. त्याच ओळीत उपचार नको, हेही येईल. ते नको माझे समजू नकोस. डॉक्टरांना विचार. मुंबईला चुंबकाच्या मशीनचा उपचार असतो, त्यात भूलही लागत नाही. तेव्हा रोज मुंबई गाठणे जमले नाही, पुढे जवळ आले तर ते आधी बघा. एक नवीन औषध सलाइनमधून देतात, तेही म्हणे काहींना लागू पडते. आणि यातले काही नसेल तर शॉक. पेन खाली ठेवू नकोस.

हे कलम वाचून निकेश वकिलांनी कागद माझ्याकडे फिरवला. मग म्हणाले, “मावशी, मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. तोवर तुमचं आजारपण वाट बघत थांबणार हाय का?” एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. पोर मोठे होऊन शाळेत गेल्यावर त्याची पोलिओची तारीख काढण्यासारखे झाले हे! यंदा नवीन कायदा लागू झाला आहे, त्याप्रमाणे उपचाराच्या इच्छेचा वेगळा कागद करता येतो. तो आम्ही केला. त्यात माझ्या वतीने बोलणारा माणूस म्हणून मी कल्पेशचे नाव घातले. प्राची रुसली, कारण मला उचलून नेले ते तिने. पण पोरी, तुला सही करताना भीती वाटली नसती. ज्याला भीती वाटली आणि तरी ज्याने सही केली, तो मला हवा आहे.

तरीही हे कलम मी इथून काढत नाही. आणि हे मृत्युपत्र पाकिटात बंद करणार नाही. आज दुपारी ओट्यावर सगळ्यांना वाचून दाखवणार आहे.

कलम ७. धवले

आता गेले काय ते सांगते. २०१६ चा उन्हाळा माझ्याकडे नाही. नातवाचे जावळ त्याच उन्हाळ्यात काढले म्हणतात, फोटोत मी आहे. त्याचे मला वाईट वाटते, सरळ सांगते. फार वाईट वाटते.

बरी झाल्यावर मी स्वयंपाकघरात बसून एकेक धवला आठवून पाहिला. मांडवाचा आला. तांदळाचा आला. हळदीचा तर सगळा आला, एकही ओळ न गाळता. पाठवणीचा आला नाही. मुलगी उंबरठा ओलांडते तेव्हाचा तो. चाल नाही, शब्द नाही, काहीच नाही. तो उपचाराने नेला की आजाराने आधीच खाल्ला होता, हे डॉक्टरांनाही सांगता आले नाही.

प्राची बारा वर्षांची असल्यापासून माझ्या बाजूला बसून धवले ओढायची, म्हणजे माझ्यामागून तीच ओळ म्हणायची. कागद नव्हता, तिच्या तोंडी होते. ती रविवारी रविवारी यायची आणि मला पाठवणीचा धवला एकेक ओळ म्हणून दाखवायची. मी चुकले की मांडीवर चापट मारायची, “आते, परत.” हे ‘परत’ माझेच. याच चापटीने मी तिला शिकवले होते. तीन महिने लागले. आता मला तो येतो, पण तिच्या गळ्याने येतो. ती एका ठिकाणी श्वास घेते तिथेच मीही घेते. माझा श्वास तिथे नव्हता.

सबब, सखूबाईकडून मला आलेले सर्व धवले मी माझी भाची प्राची हिला देते. तिने ते हवे तर लिहावेत, मोबाइलमध्ये भरावेत. सखूबाईचा नियम मी माझ्या अधिकारात मोडते.

यातून पाठवणीचा धवला वगळला आहे. जी वस्तू आपली नाही ती मृत्युपत्रात लिहिता येत नाही, असे वकिलांनी बजावले आहे. तो धवला माझ्याकडून गेला होता. आज माझ्याजवळ आहे तो तिने मला दिलेला आहे. तो तिचाच आहे, मी फक्त म्हणते.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, दोनदा वाचला, माझ्या समजुतीप्रमाणे बरोबर आहे.

ठिकाण : कोन, पनवेल
दिनांक : १८ नोव्हेंबर २०१८

(सही) भामा काशिराम मढवी
आज हजर.

साक्षीदार

१. डॉ. अविनाश टिपणीस, पनवेल. श्रीमती मढवी यांना मी आज तपासले. त्यांना आपण काय लिहीत आहोत याची पूर्ण जाणीव आहे. माझ्यासमक्ष सही केली. (सही)

२. बुधाजी मढवी, राहणार कोन. उद्या याच्यावर बोट ठेवील असा मीच एक हाय, म्हणून वयनीने मलाच बोलावला. सगळा वाचला. कलम ५ पन वाचला. वयनी शुद्धीत हाय. माघ महिन्यात माझे पोरीचा, किशोरीचा लगीन हाय, धवल्याला वयनीनं आनि प्राचीनं यावा. (सही)