शेटच्या गाडीतनं घाटापार

आये, डोळ्याला डोळा लागला नाही. काल तिन्हीसांजेला पोरगं चालत्या गाडीतनं पडता पडता राहिलं, आणि आज दुपारी त्याच गाडीनं त्याला घेऊन मला मुंबईला जायचंय.

तू त्याला बघितलं नाहीस. जावयालाही नाही. हे मुंबईत एका शेटच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत. शेट रत्नागिरीला आला तो तिथंच राहिला, गाडी रिकामी परत न्यायची, म्हणून हे सावर्ड्याला घरी उतरले. आल्या आल्या म्हणाले, "खोली मिळाली. भांडी बांध. एस्टीत पोराला घेवन लोंबकळण्यापरीस राणीसारखी चल." मला हसू आलं. लग्न झाल्यापासून ह्यांच्याबरोबर धड आठवडाभर राहिले नाही मी. काल पोराची भीती मोडावी म्हणून ह्यांनी आम्हाला पेठेपर्यंत फिरवून आणलं. भीती त्याला नव्हतीच. माझ्या मांडीवर उभा राहून काच चाटत होता. वळणावर त्यानं दाराची कडी कधी ओढली कळलंच नाही. दार उघडलं, खालची तांबडी माती पळताना दिसली आणि पोरगं अर्धं बाहेर. मी हात घातला तर हातात आलं त्याचं जावळ. तसंच धरून आत ओढलं. तो रडतोय, मी रडतेय, आणि हे गाडी उभी करून स्टेरिंगवर डोकं ठेवून बसलेत.

घरी सासूबाईंना कळलं. "सांगत व्हते ना मी? जावळ काढल्याबिगर पोराला घाटापार नेत नायत. आधी मामाच्या मांडीवर बसवा." हे म्हणाले, "आई, जावळ काढलं असतं तर हिच्या हातात काय आलं असतं?" सासूबाई म्हणाल्या, "हां, शिकव मला. शेटची गाडी चालवतोस म्हणून शेट झालास." ह्यांनी गाडीचं मागचं दार सुंभानं बांधून टाकलं. मी उठून उठून गाठ बघून येते.

आणि सारखी तुझी ती जीप आठवते. भाऊ तेव्हा एवढाच होता, आणि त्याचंही जावळ राहिलेलं. तापानं अंग भाजत होतं, महाडला दवाखान्यात न्यायचं होतं. तू रस्त्यात उभी राहून लाकडाच्या ठेकेदाराची जीप थांबवलीस. मी मागे दोराच्या वेटोळ्यावर. कशेडी घाटाच्या तोंडाशी आल्यावर तू म्हणालीस, "थांबव रे बाबा." त्याला वाटलं कुणाला उलटी आली. तू उतरून पुढं गेलीस आणि भावाला सरळ त्याच्या मांडीवर ठेवलंस. "ह्याचा मामा नाय हिकडं. आजच्या दिवस तू हो." तो बिचारा हात वर करून बसला. म्हणाला, "वहिनी, मी मुसलमान हाय." तू म्हणालीस, "मांडी हाय ना? मंग धर." त्याच्याच जीपमधल्या कोयत्यानं तू एक बट कापलीस नि पदराला बांधलीस. मग सगळा घाट तो दर वळणाला मागे बघून विचारतोय, "भाचा कसा हाय?" आणि तू म्हणतेस, "भाचा बरा हाय. तू पुढं बघ." मला तेव्हा वाटलं होतं, आई झालं की असं आपोआप येत असेल. नाही येत, आये. तुझ्या ड्रायव्हरला तू भाऊ केलंस. माझा ड्रायव्हर माझा नवरा आहे. त्याला कसा भाऊ करू?

खरं सांगते. जावळाचं मला एवढं नाही. ते मागनं काढता येईल. मला भ्या वाटतं ते मागच्या शिटावर त्याला घेऊन एकटीनं बसायचं. हे रस्ता बघतील, पोराला मीच बघायचं, आणि माझा हात एकदा चुकला की झालं. शेजारी माहेरचं कोणतरी हवं. तू असतीस तर तू बसली असतीस. ह्यांना हे बोलले तर म्हणतील माझ्यावर भरोसा नाही. तो आहे. माझा माझ्यावरच नाही.

तुला हे पत्र कुठं पाठवू? ओट्यावरच्या कोनाड्यात ठेवते. शेजारचे मास्तर सकाळी निरोप द्यायला येतील, त्यांना तोंडानं सांगायची मला लाज वाटते. आम्ही जेवून निघणार. तेव्हा मास्तर, नाहीतर दुसरं जे कोण हे वाचेल त्यानं, पेठेत जाऊन माझ्या भावाला फोन करा. तो खेडला हायवेवरच्या हाटेलात भजी तळतो, नंबर घरातल्या कॅलेंडरवर लिहिलाय. म्हणावं, दुपारी पांढरी गाडी येईल, रस्त्यावर उभा राहा. ताईनं बोलावलंय. घाट उतरेपर्यंतच. बांधलेल्या दाराकडं तू बस म्हणावं, आणि भाच्याला मांडीवर घे.