गाळलेलं प्रकरण

४ मार्च
दोन महिने या वहीकडे फिरकले नाही. माफी मागायची तरी कुणाची — पण ओशाळल्यासारखं झालं खरं! बाबांची नजर गेल्यापासून संध्याकाळी त्यांना वाचून दाखवते, मग लिहायचं राहून जातं.

बोटीवरच्या स्वयंपाक्याची कादंबरी संपली. पहिला अर्धा भाग झकास. खवळलेल्या समुद्रात तो उकळतं पातेलं सावरतो, ते वाचताना माझेच हात आखडले. पुढे एक विधवा आली आणि लेखक विरघळला. इतकी सोशीक बाई मी तरी पाहिलेली नाही. बाबांना शेवट ओढूनताणून आणलेला वाटला. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली त्यांनी. वाक्य कुठे ढिलं पडलं ते कानांनीही कळतं.

७ मार्च
हृदयावरचं पुस्तक सुरू. बाबांनीच मागितलं. त्यांच्या हृदयाची झडप बदलायची की नाही, ते पुढच्या शुक्रवारी डॉक्टरांना कळवायचं आहे. दादाचं फोनवर एकच — करून टाका. बाबा म्हणतात, आधी पुस्तक पुरं होऊ दे.

लेखक स्वतः शस्त्रक्रिया करणारा, पण लिहितो शेजारी बसून बोलल्यासारखं. झडप म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार — इतकं सोपं मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

९ मार्च
सहावं प्रकरण दुपारी एकटीने वाचलं. ऐंशीच्या पुढचे रुग्ण. शस्त्रक्रिया नीट होते, पण काही जण नंतर अंथरुणावरून उठतच नाहीत, काहींना घरचे ओळखू येत नाहीत. लेखकाच्या वडिलांचं तसंच झालं. फार प्रामाणिक लिहिलंय.

बाबा ब्याऐंशीचे.

संध्याकाळी पाचव्यावरून थेट सातव्यावर गेले. आवाज जरासुद्धा हलला नाही — त्याचंच वाईट वाटतं.

१० मार्च
सातव्यात मध्येच आलं, 'माझ्या वडिलांचं जे झालं त्यानंतर…' बाबांनी हात वर केला.

"काय झालं? हे आधी कुठे आलंय?"

नाही आलं, म्हटलं.

"मुद्रितं कुणी तपासली याची?"

मग लेखक, प्रकाशक, सगळ्यांचा उद्धार. मी पुढचं वाक्य वाचायला घेतलं. एका चांगल्या पुस्तकाला माझ्यामुळे बोल लागला.

१२ मार्च
पुस्तक संपलं. बाबा म्हणाले, करू या. या माणसाने भीती घालवली. लगेच दादाला कळवलं. तो खूश.

त्यांना धीर यावा म्हणून गाळलं, की मला ते हवेत म्हणून? दुसरं कारणच खरं असावं.

१३ मार्च
सकाळी चहा झाल्यावर सांगून टाकलं आणि सहावं प्रकरण वाचलं. सगळं. बाबांनी कुठेही थांबवलं नाही. मला वाटलं, रागावतील. शेवटी एवढंच — "चांगलं लिहिलंय."

१४ मार्च
बाबांनी स्वतः डॉक्टरांना फोन केला. नको म्हणाले. दादा मला म्हणाला, "तुला कुणी सांगितलं होतं वाचायला?" आणि फोन ठेवला.

बाबांना विचारलं, आता काय वाचू?

"कादंबरी. जाड बघून आण."

उद्या : वाचनालय.