ऐनाच्या सालीवरचा भुंगा

आप्पा, तुम्ही काडेपेटीतून आणलेला तो भुंगा नवीन निघाला. म्हणजे आजवर शास्त्रात कुणी त्याची नोंदच केली नव्हती. हे आधी तुम्हालाच सांगायला हवं होतं, कारण "मंग, मी काय बोल्लो?" असं म्हणणारं घरात आता कुणी उरलेलं नाही.

चौक गावच्या लाकडाच्या वखारीत तुम्ही करवत चालवायचात. लहान असताना तिथल्या ओंडक्यावर तुरुतुरु पळणारा एक केसाळ, पांढऱ्या पट्ट्याचा भुंगा मी चपलेनं चिरडला, तेव्हा तुम्ही केवढे ओरडलात! "मारू नको गं! लाकूड पोखरनाऱ्या किडीला खातो त्यो. राखनदार हाय." पुढे मी किड्यांचाच अभ्यास करायला घेतला, तर तुम्ही कर्जतच्या घड्याळजीकडून त्याचं जुनं भिंग मागून आणलंत आणि वखारीत ज्याला त्याला सांगत सुटलात, आमची पोर किडे शिकते म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि मनातून फार आवडलंही होतं.

मग तो रविवार. मी स्वयंपाकघरात जेवायला बसलेय, आई तव्यावरची भाकरी उलटतेय, आणि अंगावरचा भुसाही न झटकता तुम्ही माझ्या ताटाशेजारी काडेपेटी ठेवता. "ह्यो बघ. ह्यो त्यो नाय. याचा पांढरा पट्टा मधी तुटलाय. ऐनाच्या सालीवरच असतो, सागावर कदी दिसला नाय." एवढं बोलून तुम्ही हातपाय धुवायला गेलात. तुम्ही परत आल्यावर मी म्हणाले, "तोच आहे, आप्पा. एका जातीत थोडं इकडेतिकडे असतंच." "भिंगातनं बगितलास?" "हो." तुम्ही मान डोलावलीत आणि जेवायला बसलात. नंतर मी तो सुईवर टोचून पेटीत इतरांच्या रांगेत लावला, आणि चिठ्ठीवर गोळा करणारी म्हणून बिनदिक्कत माझंच नाव लिहिलं.

यंदा ती पेटी पुन्हा उघडली. पट्टा खरोखरच तुटलेला. पण नुसत्या पट्ट्यावर जात ठरत नाही, नराच्या पोटातला जननाचा अवयव काढून ताडून पाहावा लागतो. (हे तुमच्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नसती.) तोही वेगळा निघाला. तरी एकाच भुंग्यावर भिस्त ठेववेना, म्हणून खालापूरकडच्या डोंगरपायथ्याला वादळात पडलेल्या ऐनांची खोडं धुंडाळत फिरले. तिसऱ्या दिवशी सालीवर पळताना दिसला, तस्साच, तुटक्या पट्ट्याचा. मी एकटीच मोठमोठ्यानं हसत सुटले.

आता त्या जातीचा मूळ नमुना म्हणून तुमचाच भुंगा संग्रहालयात कायमचा राहणार आहे. आमच्यात जुनी चिठ्ठी चुकीची असली तरी काढून टाकत नाहीत, त्याच सुईवर खाली दुसरी टोचतात. आज सकाळी मी ती लिहिली: तुमचं नाव, ऐनाची साल, चौकची वखार. वर माझं नाव, खाली तुमचं. वाचणाऱ्याला माझी चोरी दिसेल, तर दिसू दे. मला फार हलकं वाटतंय.

एक गोष्ट मात्र कुठल्याच चिठ्ठीवर लिहिता येत नाही. त्या दिवशी मला भूक लागली होती, भाकरी गरम होती. भिंग मी पिशवीतून काढलंच नव्हतं, आप्पा.