ओला सोमवार

टोरांटो, एप्रिल १९५७

प्रिय आई,

तुझ्या दोन्ही हातांचे मुके. मी ठणठणीत आहे. देश सोडून पळताना, सरहद्द ओलांडताना फाटलेले बूट टाकून दिले, नवे घेतले. बेकरीत काम मिळालंय. इथला पाव कापसासारखा, तुला मुळीच आवडणार नाही.

ईस्टरच्या सोमवारी गंमत झाली. आपल्या रिवाजाप्रमाणे मी सकाळीच घरमालकिणीच्या मुलीवर बादलीभर पाणी ओतलं आणि तिने बदल्यात रंगीत अंडं द्यावं म्हणून हात पुढे केला. ती किंचाळली. थोड्या वेळात दारात पोलीस! वर्दी दिसताच माझे हात आपसूक वर गेले.

"अरे बाबा, हात खाली घे आणि पोरीला टॉवेल दे," तो म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो. मग दुपारपर्यंत खोलीला आतून कडी लावून बसलो.

हे पत्र तिकडे येणाऱ्या एका बाईंच्या हाती देतोय. तुझं उत्तर टपालात फोडतील, म्हणून दादाचं नावही काढू नकोस. नोव्हेंबरात "चौकशी करून सोडतो" म्हणत पोलीस त्याला घेऊन गेले. इलोनावहिनीवर दरवर्षी तोच पाणी ओततो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

तेव्हा एवढंच लिही: यंदा वहिनी भिजली का?

तुझा,
लोरांत